आधी एक पावसाळा बघायचा : आमची वाटचाल

जमिनीचा आराखडा करून द्यायच्या आमच्या धंद्याची सुरुवात एका फुटलेल्या बांधानं झाली.

वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याला सव्वादोन एकर डोंगरउतार घेतला, तेव्हा आम्हा दोघांना पर्माकल्चरचं, म्हणजे निसर्गाच्या चालीनं जमीन आणि शेती आखण्याचं, नवं वेड लागलं होतं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात मांडलेला हा विचार आम्ही पुण्यात बसून वाचला होता. उताराला आडवे चर काढा, पाणी अडवा, मुरवा. मे महिन्यात जेसीबी आणून दोन दिवसांत चर काढले, खालच्या अंगाला मातीचे बांध घातले. फोटो झकास आले.

शेजारचे बाबा येऊन बघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "ताई, पाण्याला जायला वाट कुठं ठेवली?"

ठेवलीच नव्हती. तरण्या पावसात, रात्री, बांध फुटला. मऊ मातीत खेकड्यांनी आधीच बिळं पाडून ठेवली होती. सगळा मुरूम खालच्यांच्या भातखाचरात, नुकत्याच लावलेल्या रोपांवर जाऊन बसला. चार दिवस आम्ही घमेल्यानं तो उपसत होतो आणि बांधावर बसलेल्या मालकीणबाई एक शब्द बोलत नव्हत्या. नुकसानभरपाई दिली. त्यांचा अबोला मात्र दिवाळीपर्यंत टिकला.

हिशोब साधा होता, आम्ही केला नव्हता. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ४ लाख लिटर पाणी होतं, आणि आमच्याकडे असा पाऊस एका दिवसात पडतो. कोरड्या मुलखात चर वरदान आहेत. सह्याद्रीच्या उभ्या चढावर पाणी मुरवण्याइतकंच ते सुखरूप खाली उतरवावं लागतं, नाहीतर भिजून जड झालेली मातीच घसरते. माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं, ती ३० जुलै २०१४ ची सकाळ आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

पुढच्या वर्षी कुदळसुद्धा उचलली नाही. इरली घेऊन बाबांच्या मागं फिरलो. पाणी दिसेल तिथं जुन्या साडीची चिंधी काठीला बांधून रोवायची. उन्हाळ्यात ठणठणीत दिसणाऱ्या एका कोपऱ्यातून श्रावणात झरा फुटला. तिथंच आम्ही घर बांधणार होतो!

दुसरी गोष्ट करवंदाच्या जाळीनं शिकवली. आम्ही खड्डे घेऊन, कुंपण घालून लावलेली रोपं शेळ्यांनी आणि उन्हानं संपवली. जाळीत मात्र जांभळाचं आणि ऐनाचं आपोआप उगवलेलं रोप कमरेएवढं झालेलं. काट्यांमुळे शेळीचं तोंड पोचत नाही, मुळाशी सावली आणि पालापाचोळा. तेव्हापासून जाळ्या तोडणं बंद. रोपं जाळीच्या पोटातच लावतो. हात ओरबाडून निघतात, पण रोपं जगतात.

हे बघायला आजूबाजूचे प्लॉटवाले येऊ लागले आणि त्यातूनच हा व्यवसाय उभा राहिला. जमिनीचा आराखडा करून देतो, वाळा, गिरीपुष्प आणि मेसबांबूची रोपं विकतो. समपातळीच्या रेषा अजूनही तीन काठ्यांची 'ए' अक्षरासारखी चौकट आणि दोरीला टांगलेला दगड घेऊनच आखतो. त्या रेषांवर वाळा लावतो आणि पाण्याच्या प्रत्येक वाटेवर दगडी सांडवा करतो. राब भाजणं, म्हणजे रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा जाळणं, सोडलं, त्याऐवजी गिरीपुष्पाचा पाला घालतो. पण खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं बाबांच्या राबावरची नाचणीची रोपं आमच्यापेक्षा सरस होती. भाजल्यावर तणाचं बी जळून जातं, आम्ही मात्र खुरपत बसायचो.

आमची अट एकच, एक पावसाळा गेल्याशिवाय खोदकाम नाही. निम्मी गिऱ्हाइकं इथंच गळतात. त्यांना दिवाळीपर्यंत हापूसची बाग हवी असते. घाटमाथ्याच्या धुक्यात मोहोरावर भुरी येते हे ऐकायचं नसतं. एकानं विचारलं, "नुसतं बघायचे पैसे घेता?" म्हटलं, हो, खोदण्यापेक्षा जास्त घेतो. तो गेला. धंदा त्यामुळे लहानच राहिलाय. जूनमध्ये हाताशी चार-पाच प्लॉट, त्याहून जास्त झेपतही नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मुळशीच्या एका गिऱ्हाइकाचा पहाटे फोन आला. "ताई, तुम्ही म्हणालात तिथून पाणी नाही आलं. विहिरीच्या मागून आलंय." आवाजात तक्रार नव्हती, उत्साह होता. चिंधी बांधा म्हटलं, आणि भिंतीवरच्या नकाशातली आमची रेघ खोडली.