ढोल ऐकायला तिकीट?

दर वर्षी गणपतीत, आरती झाली आणि प्रसादाची रांग लागली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणारे बदलतात. कधी नुकतंच इंडियानात राहायला आलेलं जोडपं असतं, कधी ज्यांच्या मुलीने शाळेच्या बँडमध्ये पहिल्यांदा ट्रम्पेट हातात घेतलंय ते आईवडील. "तुमचा मुलगा ड्रम कोरमध्ये होता ना? आम्ही जुलैतल्या शोची तिकिटं बघितली होती. चौघांचे दीडशे डॉलरच्या आसपास होत होते. ढोल ऐकायला एवढे पैसे वाजवी आहेत का हो?" पुण्याहून माझी नणंद हेच रुपयांत विचारते. पस्तीस डॉलर म्हणजे तीन हजार रुपये, एका माणसाचे, आणि तेही उघड्या मैदानात लोखंडी बाकावर बसायचे.

प्रश्न चुकीचा नाही. मी नारायण पेठेत वाढले. लक्ष्मी रस्त्यावर मावशीचं घर होतं आणि विसर्जनाला तिच्या गॅलरीत आम्ही पंधरावीस जणं दाटीवाटीने उभे असायचो. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत एकामागून एक पथकं जायची, छातीत ढोल घुमायचा, आणि त्याचा एक रुपया कुणी मागितला नव्हता. ढोल हा रस्त्यावर ऐकायचा आणि फुकट ऐकायचा, हे माझ्याही अंगात भिनलेलं आहे. मुलगा कोरमध्ये गेला त्या उन्हाळ्यात पहिली तिकिटं काढताना माझाही हात अडला होता.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल आणि ढोलांची पथकं काढली. त्यातून ड्रम कोर, म्हणजे मैदानावर कवायत करत वाजवणारी पथकं, आली. पुढे यातल्या काही पथकांनी एकत्र येऊन ड्रम कोर इंटरनॅशनल ही संस्था उभी केली आणि १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली स्पर्धा घेतली. एका कोरमध्ये दीडशेच्या आसपास मुलंमुली असतात. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे आपलं ध्वजपथक म्हणा. सॅक्सोफोन, बासरी, क्लॅरिनेट यांना इथे जागा नाही. वयाची मर्यादा साधारण एकवीस-बावीस. जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हे सगळे बसने देशभर फिरतात, आज या गावात तर उद्या त्या गावात, आणि शेवटचे तीन दिवस आमच्या इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये. २००९पासून अंतिम स्पर्धा तिथेच होते.

आता हिशोब. जुलैतल्या एखाद्या लहान शोमध्ये सहा-सात कोर असतात. प्रत्येकाचा कार्यक्रम साधारण अकरा मिनिटांचा. म्हणजे सात कोर धरले तरी सव्वा तासाच्या थोडं वर प्रत्यक्ष वादन, बाकी वेळ मैदानावर सामान आणण्यात आणि नेण्यात जातो. नुसतं घड्याळ लावून बघाल तर पस्तीस डॉलर जास्त वाटतील. सिनेमा त्यापेक्षा लांब असतो आणि खुर्चीला पाठ असते.

पण घड्याळ लावून हा हिशोब होत नाही, हे मला स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये कळलं.

मुलाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी दहा दिवस स्वयंपाकाला गेले होते. प्रत्येक कोरबरोबर एक अठराचाकी ट्रेलर असतो, आत पूर्ण स्वयंपाकघर. दिवसाला चार जेवणं: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि शो झाल्यावर रात्री अकराच्या पुढे एक. शिक्षक, ड्रायव्हर, स्वयंसेवक धरून दोनशेच्या वर पानं. पहाटे साडेपाचला ट्रेलरच्या मागच्या दारात बसून आम्ही चौघी कांदे चिरत होतो, तेव्हा बस शाळेच्या आवारात येऊन लागल्याला जेमतेम दीड तास झाला होता. मुलं अंगावरच्या कपड्यांनिशी शाळेच्या जिमच्या फरशीवर, हवा भरलेल्या गाद्यांवर आडवी झालेली. आठला नाश्ता, नऊला मैदानावर. जुलैचं ऊन, आणि टुबा या भल्यामोठ्या पितळी वाद्याचं ओझं पंधरा किलोच्या घरात. दुपारी ताटं घेऊन रांगेत येणाऱ्या मुलांच्या दंडांवर टी-शर्टच्या बाहीची रेघ इतकी ठळक होती की सावलीत उभं असतानाही वाटावं, यांनी पांढरी बनियन घातलीय. एका मुलीच्या दोन्ही तळव्यांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती स्नेअर, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा छोटा ढोल, वाजवायची. स्नेअरचं पान केवलारचं असतं, बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात तेच, आणि दगडासारखं कडक ताणलेलं. काठी त्यावरून उसळते ती थेट मनगटात येते. ताट धरायला तिला बोटं मिटता येत नव्हती, म्हणून तिने ते दोन्ही पंजांच्या मधे दाबून धरलं आणि मला म्हणाली, भात थोडा जास्त वाढा.

आणि आता जे सांगते त्यावर प्रसादाच्या रांगेत कुणाचा पटकन विश्वास बसत नाही. या मुलांना वाजवण्याचे पैसे मिळत नाहीत. ती भरतात. वरच्या गटातल्या कोरमध्ये एका उन्हाळ्याची फी पाच हजार डॉलरच्या आसपास जाते, काही ठिकाणी त्याहून पुढे. त्यात हिवाळ्यातल्या शिबिरांचा प्रवास, बूट, हातमोजे वेगळे. माझा मुलगा दोन वर्षं शनिवार-रविवार किराणा दुकानात फळ्या लावत होता, संध्याकाळी लहान मुलांना मेलोफोन हे पितळी वाद्य शिकवत होता, तरी निम्मी रक्कम आम्हीच भरली. ज्यांच्या घरी हे जमत नाही ती मुलं ओळखीपाळखीच्या लोकांना पत्रं लिहितात, गाड्या धुतात, देणगी मागतात. आणि काही मुलं निवड होऊनही जात नाहीत. माझ्या मुलाबरोबर निवड झालेला त्याच्या शाळेतला एक मुलगा असाच राहिला. वाजवण्यात तो आमच्या मुलापेक्षा उजवा होता, हे माझा मुलगाच सांगतो.

म्हणून तुम्ही विचारलंत तर माझं उत्तर असं आहे: गावातल्या शोचं तिकीट वाजवी आहे. खरं तर जे समोर चाललेलं असतं त्याचा खर्च ते भागवतच नाही. बसचं डिझेल, ट्रक, दोनशे माणसांची चार वेळची जेवणं, वाद्यं, शिक्षक, विमा. यातला मोठा वाटा मुलांच्या फीतून आणि देणग्यांतून येतो. कॅलिफोर्नियातल्या ब्लू डेव्हिल्ससारख्या, वीसहून जास्त विजेतेपदं मिळवलेल्या कोरनेसुद्धा वर्षानुवर्षं बिंगोचे खेळ चालवून पैसा उभा केलाय. आणि तरी पैसा पुरत नाही. सांता क्लारा व्हॅनगार्ड, १९६७ पासूनचं कोर, २०२३चा पूर्ण उन्हाळा पैशांअभावी घरी बसलं. १९३४ साली न्यू जर्सीत निघालेलं कॅडेट्स २०२४च्या सुरुवातीला कोर्टखटला आणि कर्जाच्या ओझ्याखाली बंदच झालं. नव्वद वर्षांचं पथक. आपल्याकडे एखादं मानाचं मंडळ मिरवणुकीतून कायमचं गेलं तर लक्ष्मी रस्त्याला काय वाटेल, तसं इथल्या जुन्या माणसांना वाटलं. मी एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांना स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्या कोरचं जुनं जाकीट घालून एकटंच बसलेलं पाहिलंय.

मावशीच्या गॅलरीतली मिरवणूक फुकट नव्हती, हे मला इथे येऊन उमगलं. ऑगस्टमध्ये मंडळाची मुलं दारात यायची, वडील वर्गणीची पावती फाडायचे. त्या वर्गणीतून मंडळ पथकाला सुपारी द्यायचं. वादक स्वतः एक पैसा न घेता महिना-दीड महिना नदीपात्रात सराव करायचे. आमच्या वाट्याचे पैसे आधीच गेलेले असायचे, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचे आमच्यापेक्षा जास्त गेलेले असायचे. इथे घरोघर वर्गणी मागायला कुणी येत नाही. तिकीट हीच वर्गणी. मी ते तसंच समजून काढते, आणि तसं समजल्यापासून हात अडत नाही. लहान शो बऱ्याचदा गावातल्या शाळेचा बँडच भरवतो. पालक पार्किंगला उभे असतात, पालकच हॉटडॉग विकतात, आणि चार पैसे उरले तर त्या शाळेच्या बँडला वाद्यं येतात.

पण सगळंच वाजवी आहे असं मी म्हणणार नाही. तिकिटावर जे सोयीचं शुल्क म्हणून वेगळं लावतात त्याचा मला मनापासून राग येतो. घरच्या कॉम्प्युटरवर मीच बसते, जागा मीच निवडते, कागदसुद्धा छापला जात नाही, आणि चार तिकिटांवर जवळजवळ अर्ध्या तिकिटाइतके पैसे वर जातात. हा पैसा त्या चिकटपट्टीवाल्या मुलीपर्यंत जात नाही. तिकीट पाच डॉलरने महाग करा आणि ते पाच डॉलर कोरला द्या, मी आनंदाने देईन.

आणि अंतिम स्पर्धा. तिथे चांगल्या जागेचं तिकीट शंभराच्या पुढे जातं, तीन दिवसांचं घ्यायचं तर आणखी. शहरातली हॉटेलं त्या आठवड्यात दर वाढवतात, पार्किंगवाले वाढवतात. आम्ही अर्ध्या तासावर राहतो म्हणून निभावतं. टेक्सासहून, कॅलिफोर्नियाहून मुलाचा शेवटचा शो बघायला येणाऱ्या आईवडिलांनी उन्हाळ्याची फी भरलेलीच असते, त्यावर हे. फायनलची संध्याकाळ अनुभवण्यासारखी असते यात शंका नाही. पहिल्या दिवशी सगळे, दुसऱ्या दिवशी पंचवीस, शनिवारी फक्त बारा कोर. २००८ साली फँटम रेजिमेंट हे कोर अवघ्या ०.०२५ गुणांनी जिंकलं होतं. अशा रात्री लोक जीव मुठीत धरून बसतात. पण त्याच शनिवारी वरच्या मजल्यावर दोन्ही टोकांना मोकळ्या बाकांचे पट्टे मी पाहिलेत. त्या जागा दहा डॉलरला किंवा फुकट शाळेतल्या बँडच्या मुलांना का देऊ नयेत? जे आज तिथे बसतील तेच चार वर्षांनी खाली मैदानावर उभे राहतील. हे मी संस्थेला दोनदा लिहिलंय, पुन्हा लिहिणार आहे.

तोवर ज्यांना तिकीट खरंच जड आहे त्यांच्यासाठी एक वाट आहे, आणि ती दुय्यम नाही. शोच्या आधी दोन-अडीच तास पार्किंगमध्ये या. कोर तिथे हात मोकळे करतात, सुरात येतात. त्याला सगळे लॉट म्हणतात आणि तिथे तिकीट लागत नाही. ड्रमलाइनसमोर, म्हणजे ढोलवाल्यांच्या रांगेसमोर, पाच-सहा फुटांवर उभं राहता येतं. बास ड्रमचे पाच जण शोधा. पाच ढोल, प्रत्येकाचा आकार वेगळा, सूर वेगळा, आणि तालाची एकच ओळ पाचांत वाटलेली. एकाच्या वाट्याला दोन ठोके, पुढच्याला एक, त्याच्या पुढच्याला तीन. डोळे मिटले तर वाटतं एकच माणूस वरपासून खालपर्यंत हात फिरवतोय. आपल्या पथकात पन्नास ढोलांवर एक ठोका पडतो आणि जमीन हलते. इथे एक ठोका पाचांत फुटतो आणि परत जुळतो. मी दोन्हींवर जीव टाकते, आणि मला त्यात डावं-उजवं करायचं नाही.

माझी आई एका उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती, तेव्हा तिला लॉटमध्ये घेऊन गेले. चालून दमली म्हणून घडीची खुर्ची दिली. ती बरोबर स्नेअरवाल्यांच्या समोर बसली आणि पाऊण तास हलली नाही. रात्री स्टेडियममध्ये कलर गार्डच्या मुलीने लाकडी रायफल हवेत सहा-सात वेळा फिरवून पाठीमागे झेलली, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला. घरी येताना गाडीत तिने विचारलं, "तिकीट केवढ्याचं होतं गं?" मी सांगितलं. रुपयांत करायला तिला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "आणि ही पोरं आता कुठे झोपणार?"

मी म्हटलं, आता बसमध्ये. उद्या पहाटे ओहायोतल्या एका शाळेच्या जिममध्ये.

घर येईपर्यंत ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिच्या पिशवीतून, जाताना लोकांना द्यायला म्हणून वेगळ्या ठेवलेल्या डॉलरमधून, शंभराची नोट काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "त्या मुलांच्या जेवणात घाल. आणि पावती घे."