लवंगेचा वास

गेल्या श्रावणातली गोष्ट. काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. भर पावसात, धुक्यात आंबा घाट उतरणारा हा माणूस माझ्या दातांच्या दवाखान्याच्या दारातून तीनदा परत गेला होता. चौथ्यांदा मुलीने हाताला धरून आणलं. खालची दाढ पार आतल्या नसेपर्यंत किडलेली, रूट कॅनाल करणं भागच होतं. पण खुर्चीत बसले आणि दरदरून घाम फुटला. तोंड उघडेना.

"काका, इंजेक्शनची भीती वाटते का?"

"इंजेक्शनचं काय नाही हो मॅडम. हा वास..."

मी वळून बघितलं. शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटचा दात तात्पुरता भरायला आमची मदतनीस काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साईडची भुकटी युजेनॉलमध्ये घोटत होती. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक. मला तो वास आता जाणवतही नाही. काकांना मात्र आठव्या वर्षी चौघांनी दाबून धरून, भूल न देता दाढ उपटली होती, आणि तेव्हा खोलीभर हाच वास होता. वासाची वाट नाकातून मेंदूतल्या भीतीच्या आणि आठवणींच्या भागांकडे फार जवळून जाते, हे मी कॉलेजात शिकले होते. समोर बघितलं त्या दिवशी.

काम थांबवलं. पट्टी आत पाठवली, खिडक्या उघडल्या. व्हिएन्नातल्या एका दातांच्या दवाखान्यात 200 रुग्णांवर झालेला अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला होता. बसायच्या खोलीत संत्र्याचा किंवा लव्हेंडरचा वास असला की रुग्णांची चिंता कमी भरली. तो वाचल्यापासून दोन्ही बाटल्या माझ्या कपाटात असतात. पण आता विचारल्याशिवाय काही हुंगायला द्यायचं नव्हतं. लव्हेंडरचा कापूस काकांनी लांब केला, "साबणासारखं आहे." संत्र्याचा मात्र धरून ठेवला. "पोरं लहानपणी सालं पिळायची एकमेकांच्या डोळ्यांत," म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

पंधरा मिनिटांनी नाडी 112 वरून 88 वर आली. त्यात तेलाचा वाटा किती आणि कोणीतरी शांतपणे ऐकून घेतल्याचा किती, मला वेगळं काढता येत नाही. दुखणं थांबवलं ते भुलीच्या इंजेक्शनने. दाढेत तात्पुरतं सिमेंट मी युजेनॉल नसलेलं भरलं.

निघताना मुलीने विचारलं, "यांना रात्री झोप नसते. ते लव्हेंडरचं तेल दोन थेंब दुधातून देऊ?" मी ठाम नाही म्हटलं. बाटलीतलं तेल फार तीव्र असतं, ते पोटात घ्यायचं नाही. अंगाला लावायचं तरी खोबरेल तेलात पातळ करून. जर्मनीत लव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल मिळते, पण ते मोजून मापून केलेलं औषध आहे, ही बाटली नव्हे. झोपेसाठी डॉक्टरांना दाखवा, म्हटलं, आणि चिठ्ठी लिहून दिली.

पुढच्या मंगळवारी काका एकटेच आले. दारात थांबून आधी वास घेतला, मग चपला काढल्या.