पंखा लावता का, सिस्टर?

आमच्या डे-केअरमध्ये पहिल्यांदा केमो घ्यायला आलेला पेशंट ओळखायला फाईल उघडावी लागत नाही. त्याच्याकडे सामान जास्त असतं. चादर, थर्मास, दोन डबे, बिस्किटांचे पुडे, कुठल्याशा मठातला अंगारा आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले जुने रिपोर्ट. तिसऱ्या वेळेपर्यंत हेच लोक पाण्याची बाटली आणि मोबाईलचा चार्जर एवढ्यावर येतात.

कळव्याच्या काकूंकडे यातलं सगळं होतं आणि ते सगळं त्यांनी स्वतः उचललं होतं. लिफ्टला रांग होती म्हणून दोघं जिन्याने चढून आले. काका मागून, रिकाम्या हाताने, तरी धाप त्यांनाच लागलेली. काकूंच्या पोटातून थोड्याच दिवसांपूर्वी पाणी काढलं होतं. मी विचारलं, "दमलात का?"

"छे, काही नाही."

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या केमो विभागात मी बरीच वर्षं सिस्टर आहे. रडणारे पेशंट मला अवघड वाटत नाहीत, भांडणारेही नाहीत. "काही नाही" म्हणणारे वाटतात. त्यात बायका जास्त, आणि पन्नाशीच्या पुढच्या तर विचारूच नका.

काकूंचं वय ५८. नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायचं काम. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतंय, सारखं लघवीला जावं लागतंय, म्हणून कित्येक महिने गॅसच्या गोळ्या आणि ओव्याचा काढा चालू होता. अंडाशयाचा कॅन्सर असाच येतो. त्याची सगळी लक्षणं एरवी कुणालाही होणारी, त्यामुळे सोनोग्राफीपर्यंत प्रकरण जातं तेव्हा बहुतेकदा पोटात पाणी झालेलं असतं. डॉक्टरांनी ठरवलं होतं की आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग उरलेल्या तीन. औषधं दोन, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन. महात्मा फुले योजनेची मंजुरी आली होती. आरोग्यमित्राच्या टेबलापाशी कागद पुरे करून ते वर आले होते आणि रेशनकार्डाची झेरॉक्स काकांच्या खिशातून अर्धी बाहेर डोकावत होती.

लोकांना वाटतं, केमो म्हणजे आलो, सुई लागली, सुरू झाली. प्रत्यक्षात निम्मी सकाळ मोजामोजीत जाते. आदल्या दिवशीच्या रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट पुरेशा आहेत ना, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती, ते पाहायचं. वजन आणि उंची आम्ही दर वेळी नव्याने घेतो, घरी सांगितलेलं वजन चालत नाही. या दोन्हींवरून माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ निघतं आणि पॅक्लिटॅक्सेल त्या हिशेबाने देतात, दर चौरस मीटरला १७५ मिलीग्रॅम. काकू दीड चौरस मीटरच्या किंचित वर भरल्या. हे ऐकून काकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "कार्पेट की बिल्ट-अप?" ठाण्यात घर शोधलेला माणूस दुसरं काय विचारणार! कार्बोप्लॅटिनचं गणित निराळं. ते मूत्रपिंडं किती काम करतात त्यावर ठरतं.

मग शीर. मनगट आणि कोपराचा सांधा टाळून मी हाताच्या मधल्या भागात शोधते. काकूंच्या दोन्ही हातांवर तव्याचे चटके, काही काळे पडलेले, काही ताजे. शिरा मात्र ठसठशीत. आयुष्यभर कणीक तिंबलेल्या हातांच्या असतात तशा. सुई जाताना त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. काका कौतुकाने म्हणाले, "हिचं काही टेन्शन घेऊ नका सिस्टर. हिला काही दुखत नाही. दोन्ही बाळंतपणं माहेरी, शहाद्याला, घरातच झाली."

मला तिथेच टेन्शन आलं.

पॅक्लिटॅक्सेलच्या आधी अर्धा तास काही इंजेक्शनं द्यायची असतात. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ॲलर्जीवरचं एव्हिल, ॲसिडिटीचं एक आणि उलटी होऊ नये म्हणून एक. यातलं डेक्सा शिरेतून घाईने दिलं तर जांघेत आणि लघवीच्या जागी एकदम आग होते, खाज सुटते. मिनिटभरात जाते, धोका काही नाही. पण आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरते आणि लाजेने बोलतही नाही. म्हणून मी पडदा ओढून, काकांना पाणी आणायला पाठवून, सरळ शब्दांत सांगते आणि डेक्सा अगदी सावकाश देते. मधेच थांबून विचारलं, "होतंय का तसं काही?" काकू खिडकीकडे बघत राहिल्या. "काही नाही," म्हणाल्या, पण पायाची बोटं आवळलेली. मी अजून सावकाश दिलं.

तेव्हाच त्यांना बजावलं. "काकू, आता जे औषध लावणार आहे त्याची रिॲक्शन आलीच तर बहुधा पहिल्या दहा मिनिटांत येते, तीही पहिल्या नाहीतर दुसऱ्या वेळेला. मी इथे स्टूल घेऊन बसणार आहे. छातीत आवळलं, तोंड गरम झालं, पाठ किंवा कंबर दुखली, घसा खवखवला, काहीही झालं तर लगेच बोलायचं. मला त्रास होईल म्हणून गप्प बसायचं नाही. मला त्याचाच पगार मिळतो."

"बरं," म्हणाल्या. हे "बरं" कशाचं ते मला चांगलं कळतं.

औषधाची पिशवी आली. दुसरी सिस्टर आणि मी, दोघींनी मिळून नाव, नंबर, औषध, डोस, तारीख ताडून पाहिलं. काकूंना त्यांचं नाव त्यांनाच सांगायला लावलं. आपण नाव घेऊन "तुम्हीच ना?" असं विचारलं, तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. पॅक्लिटॅक्सेलची नळीही वेगळी असते, मधे बारीक फिल्टर बसवलेली, नेहमीच्या सलाईनच्या प्लॅस्टिकची नव्हे. त्याचं कारण पुढे येईल. पंप लावला, शिरेतून रक्त नीट मागे येतंय हे पाहिलं, सुरू केलं आणि बसले.

गप्पा मारायच्या आणि नजर चेहऱ्यावर ठेवायची, हे त्या दहा मिनिटांचं काम. मी पोळ्यांचा विषय काढला. दिवसाला किती, कणकेत मोहन घालता का, घडीची की फुलका. काकू छान बोलत होत्या. मोहन घालत नाहीत, मालक तेलाचा हिशोब विचारतो. सणाला पुरणपोळीच्या ऑर्डरी असतात तेव्हा पहाटे चारला जावं लागतं.

मग मधेच थांबून म्हणाल्या, "सिस्टर, पंखा लावता का जरा?"

आमच्या वॉर्डात पंखाच नाही. एसी असा की सगळे पेशंट मानेपर्यंत ब्लँकेट घेऊन झोपलेले असतात. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी तर कानटोपी घातली होती.

"गरम होतंय?"

"तसं काही नाही."

गळ्यापासून वर लाली चढायला लागली होती. मी पंप बंद केला. "पाठ?"

"भरून आलीय थोडी. होईल बरी. चालू राहू द्या ना, उगाच तुम्हाला…"

तोवर औषधाची नळी काढून दुसऱ्या सेटने साधं सलाईन सुरू केलं होतं. सुई काढायची नसते, तीच आता कामाला येते. ऑक्सिजनचा मास्क लावला, खुर्ची मागे झुकवून पाय वर घेतले. सकाळी १५० असलेलं वरचं बीपी १०० वर आलं होतं, बोटावरचं मशीन ऑक्सिजन ९१ दाखवत होतं. डॉक्टर आले. हायड्रोकॉर्टिसोन, पुन्हा एव्हिल. तातडीच्या औषधांची गाडी, क्रॅश कार्ट, खुर्चीला लावून ठेवली, ॲड्रिनलिन भरून तयार. ते लागलं नाही. काकांना बाहेर थांबायला सांगावं लागलं, कारण ते सारखे म्हणत होते, "पण हिला काही होत नाही हो कधी."

वीसेक मिनिटांत लाली उतरली, बीपी वर आलं. मास्क काढल्यावर काकूंचं पहिलं वाक्य, "तुमची फार धावपळ झाली."

मी रागावले. कामावर मी सहसा रागावत नाही. "काकू, तुम्ही पंखा मागितलात म्हणून मला कळलं. पाठ दुखते हे आधी का नाही सांगितलंत?"

"पाठ रोजच दुखते हो. ती काय सांगायची?"

यावर मला काही बोलता आलं नाही. बारा तास वाकून पोळ्या लाटणाऱ्या बाईने पाठीतली कोणती कळ औषधाची आणि कोणती ओट्याची, हे कसं ओळखावं? आमच्या छापील सूचनापत्रात "पाठदुखी जाणवल्यास त्वरित कळवा" असं असतं. ते ज्याने लिहिलं त्याची पाठ बहुधा दुखत नसावी.

डॉक्टरांनी ठरवलं, तासभर थांबून पुन्हा द्यायचं, फार हळू वेगाने सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवत. अशा रिॲक्शननंतर बहुतेकांना ते व्यवस्थित सोसतं. पण काकूंनी मान फिरवली. "नको. अंगाला मानवत नाही ते." काका म्हणाले, "ती म्हणेल तसं." सकाळपासून पहिल्यांदा काकूंनी कशाला तरी नको म्हटलं होतं, आणि तेही नेमकं इथे!

म्हणून मी त्यांना एरंडेलाची गोष्ट सांगितली. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. मग ते शिरेतून द्यायचं कसं? त्यासाठी एरंडेल तेलावर प्रक्रिया करून केलेला एक द्रव आणि अल्कोहोल यांत ते विरघळवतात. अंग बिथरतं ते पुष्कळदा या एरंडेलाने. साध्या प्लॅस्टिकच्या नळीतली रसायनंही तोच द्रव ओढून घेतो, म्हणून ती वेगळी नळी. तेल नसलेलं, प्रथिनात बांधलेलं पॅक्लिटॅक्सेलही मिळतं, पण ते महाग पडतं.

काकू उठूनच बसल्या. "एरंडेल? आम्ही पोरांना नाक दाबून पाजायचो ते?"

"तेच. तुम्हाला आज नाक न दाबता पाजलं."

हसल्या. मग मी त्यांच्या माहेरावर, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यावर आले. हे औषध अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. सालीचे नमुने १९६२ साली गोळा केले होते. त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडली, त्या रसायनशास्त्रज्ञांत मन्रो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी होते. जन्म नंदुरबारचा, मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी. करून अमेरिकेला गेलेले. पुढे १९९२ साली तिथे या औषधाला पहिली मान्यता मिळाली ती अंडाशयाच्याच कॅन्सरसाठी.

"नंदुरबारचे? वाणी?" काकूंनी काकांना हाक मारली. "ऐकलं का, आपल्याकडच्या माणसाने काढलंय हे." मग मला म्हणाल्या, "आमच्या बाजारात निम्मी दुकानं वाण्यांची. उधारी देत नाहीत, पण माल चोख."

मालाच्या खात्रीवर संमती मिळाली असं मी समजते. पेशी दुभंगताना आत धाग्यांची जी जुळणी होते ती हे औषध सुटूच देत नाही, म्हणून पेशी मरते, वगैरे मी पुढे सांगत होते. त्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

दुसऱ्यांदा सुरू केल्यावर काही झालं नाही. दर पाच मिनिटांनी मी विचारायचे आणि "काही नाही" हे उत्तर आता चालणार नाही, असं ठरलं होतं. पाठ, छाती, घसा, तोंड, प्रत्येकाचं वेगळं उत्तर द्यायचं. त्या नाइलाजाने देत गेल्या. तीन तासांचं औषध संध्याकाळपर्यंत लांबलं, मग कार्बोप्लॅटिन. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, सफाईवाल्या मावशी लादी पुसून गेल्या. काका डबा उघडून पोळी-भाजी खात बसले. पोळ्या अर्थातच काकूंनी पहाटे उठून केलेल्या.

जाताना मी तापाचं तीन-तीनदा सांगितलं. साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो की दिवस, क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, थेट इमर्जन्सीत यायचं. थर्मामीटर विकत घ्यायचा, कपाळाला हात लावून ठरवायचं नाही. केस दोन-तीन आठवड्यांनी जातील. ते ऐकून त्या फक्त म्हणाल्या, "पोळीत तरी पडणार नाहीत." बोटांना मुंग्या येतील, बधिरपणा येईल, हे सांगितलं तेव्हा मात्र हात उलटे-पालटे करून बघत राहिल्या. बधिर बोटाला तव्याचा चटका कळत नाही, तेव्हा तव्यापासून लांब. "मग लाटायचं काम घेते, भाजायला दुसरीला उभी करते," असं त्यांनी जागच्या जागी ठरवूनही टाकलं. पेशी उतरलेल्या असताना गर्दीत, त्या उकाड्यात जायचंच नाही, हे सांगायला डॉक्टरांना परत बोलवावं लागलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या केमोला आल्या त्या डोक्याला स्कार्फ बांधून. सामान काकांच्या हातात. या वेळी डेक्साच्या गोळ्या आदल्या रात्री आणि पहाटे घ्यायला लावल्या होत्या. औषध सुरू होऊन मिनिट झालं नसेल, तोच हाक आली. "सिस्टर, कानात खाज येतेय." मी उठून पाहिलं, बीपी घेतलं, काही नव्हतं. मग डाव्या पायाला मुंगी. मग उशी टोचते. मग शेजारच्या बाईंचा मोबाईल फार मोठ्याने वाजतो. मग कँटीनचा चहा पाणचट आहे. दर वेळी मी उठून गेले आणि कान, पाय, उशीसुद्धा नोंदवहीत लिहिलं. चहाचं लिहिलं नाही. त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही.