जलपर्णीच्या देठाची टोपली : आमची वाटचाल

उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं आणि भिगवण परिसरात पाणफुगवट्यावर कितीतरी घरांची चूल मासळीवर पेटू लागली. पुढे पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येत राहिलं आणि त्यावर जलपर्णी पोसली. आता जाळं टाकायला मोकळं पाणी शोधावं लागतं, आणि हाती लागते ती बहुतेक चिलापी. आमचं काम याच घरांवर चालतं. पुरुष होडीतून जलपर्णीचे देठ कापून आणतात, बायका वाळलेल्या देठांची तीन पेडांची वेणी घालतात, आणि त्या वेणीच्या टोपल्या होतात.

मोकळ्या पाण्यातल्या जलपर्णीचा देठ बुटका, फुग्यासारखा असतो, वळताना फुटतो. दाटीत वाढलेल्या झाडाचा देठ दोन-अडीच फूट भरतो, तोच घ्यायचा. मुळं आणि पानं तिथेच छाटायची. मुळांत सांडपाण्यातले जड धातू साठतात, म्हणून त्यांचं खत आम्ही भाजीपाल्याला देत नाही.

खरी परीक्षा वाळवणीत. 100 किलो ओल्या देठांतून पाच-सहा किलो सुका माल निघतो. थंडीच्या उन्हात आठ-दहा दिवस, रोज उलटून. रात्री दवापासून ताडपत्रीखाली. बुडखा जाड असतो, तो सगळ्यात शेवटी वाळतो. गालाला लावून गार लागला तर ओल आहे. सुरुवातीच्या मालात हीच चूक झाली: टोपल्या दोन महिन्यांत सैल पडल्या, कारण देठ विणल्यावर आटला. वर वॉटर-बेस वार्निश मारलं होतं, त्यामुळे आतली ओल आतच कोंडली आणि बुरशीचे काळे ठिपके आले. ते घासून जात नाहीत. ओलीने टोपलीच्या सांगाड्यातली लोखंडी सळईही गंजली. आता पावडर कोटिंगचे (भट्टीत भाजून रंगाचा थर दिलेले) सांगाडे वापरतो.

वेणी घालण्याआधी देठांवर पाणी शिंपडून अर्धा तास गोणपाटात गुंडाळायचे, नाहीतर तडकतात. तिन्ही पेडांत नवा देठ एकाच जागी जोडला की वेणी तिथेच तुटते. जोड मागे-पुढे हवेत.

मजुरी आधी वजनावर होती. ओली वेणी जड भरते, म्हणजे ओला माल आणणाऱ्यालाच जास्त पैसे! यात दोष आमच्या हिशोबाचा होता. आता मीटरवर देतो, आणि दर मीटरला किमान किती देठ हवेत हे ठरलेलं आहे.

काही वर्षी पावसाळी विसर्गात जलपर्णीचे तांडेच्या तांडे वाहून जातात, म्हणून सहा महिन्यांचा सुका साठा फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवतो. जूननंतर नवी वाळवण घेत नाही, कितीही ऑर्डर असली तरी.