धूर की धूळ? उपग्रहचित्रांच्या वहीतील चौथी नोंद

मागच्या नोंदीत कोकण किनाऱ्यालगतच्या समुद्रावर दिसलेल्या मळकट पट्ट्याला मी धूर म्हटले होते; ती चूक आधी दुरुस्त करतो. तो पट्टा धुळीचा होता. धूर निळसर करडा आणि धूळ तांबूस पिवळी हा ढोबळ नियम खरा असला, तरी पट्टा विरळ असला की दोन्ही सारखेच भुरकट दिसतात, आणि दख्खनच्या उन्हाळी, उघड्या जमिनीवर तर धूळ डोळ्यांना जवळजवळ वेगळी काढताच येत नाही.

सरावासाठी २३ जानेवारी २०२२ हा दिवस निवडला. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ त्या वेळी अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यापर्यंत पोचली होती, आणि येथील फिकटलेले ऊन अनेकांना आठवत असेल. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर आदल्या दिवसापासूनची चित्रे क्रमाने लावली की धुळीचा प्रवास समुद्रावर स्पष्ट दिसतो, कारण काळ्या पाण्याची पार्श्वभूमी आपल्याला मदत करते. त्यानंतर नासाच्या उपग्रहांवरील मोडिस या उपकरणाचा २.१ मायक्रॉन तरंगलांबीचा पट्टा (बँड) स्वतंत्र काढून पाहिला. धुराचे कण इतके बारीक असतात की या तरंगलांबीला धूर बहुतांशी पारदर्शक ठरतो. धुळीचे कण जाड असल्यामुळे ती येथेही उजळ दिसते. माझ्या फसलेल्या चित्राला हीच कसोटी लावली आणि समुद्रावरचा तो मळकट पट्टा येथेही तसाच दिसत राहिला.

दुसरी कसोटी रात्रीही चालते, म्हणून मला ती अधिक आवडते. इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या भारतीय हवामान उपग्रहांच्या इमेजरमध्ये, म्हणजे चित्रे घेणाऱ्या उपकरणात, सुमारे ११ आणि १२ मायक्रॉनचे दोन औष्णिक बँड आहेत. पहिल्यातील तापमानातून दुसऱ्यातील वजा केल्यास दमट, स्वच्छ हवेत उत्तर साधारणतः धन येते, तर दाट खनिज धुळीत ते ऋण होते. मात्र अरबी समुद्रावर बाष्प भरपूर असले की विरळ धुळीचे ऋण उत्तर त्यात बुडून जाते, त्यामुळे शून्य हीच सीमा धरून बसणे चुकीचे ठरते. मी आता त्याच जागेच्या आधीच्या स्वच्छ दिवसांशी तुलना करतो. आठवडाभराचे काम वाढले, पण इलाज नाही.

धुराच्या बाबतीत उपग्रहाने नकाशावर नोंदलेले आगीचे ठिपके आधार देतात, पण ते जपून वाचावे लागतात. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरील उपकरणाचा ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य दाखवतो, त्यामुळे तो एखाद्याच्या बांधावर पडला म्हणून आग तेथेच होती असे समजू नये. मार्च-एप्रिलमध्ये मावळ, मुळशी आणि वेल्ह्याकडे ठिपके वाढले, तेव्हा हे सारे राबाचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचे, जाळ असावेत असे मी गृहीत धरले होते. मुळशीतील एका ओळखीच्या शेतकरीकाकांनी मात्र सांगितले, “राब आम्ही पहाटे वारा पडलेला असताना भाजतो, दुपारी पेटवला तर डोंगर जाईल.” व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात, पहाटे नाही; आणि इन्सॅटच्या ४ किलोमीटरच्या चौकोनांच्या औष्णिक चित्रात एवढा लहान जाळ उमटण्याची आशा नाही. म्हणून दुपारचे ठिपके आता मी वणवे या रकान्यात लिहीत आहे, आणि राबाचा रकाना पुढच्या फेब्रुवारीत पहाटे मुळशीला प्रत्यक्ष जाऊन भरायचे ठरवले आहे.