पहिली बाजू चढी

धरमपेठेतल्या त्या घरात जॅझच्या 210 तबकड्या निघाल्या. मुलीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा 60 ची. "दादा, बाबांना काय आवडायचं ते मला ठाऊक नाही, तुम्हीच काढा," ती म्हणाली.

नाव शेवटी बघायचं. आधी तबकडी दिव्याखाली तिरपी धरायची. लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यावर राखाडी झाक असेल तर झिजलेल्या सुईनं खाचा खाल्ल्यात. तिथं ट्रम्पेट चिरकणारच, कितीही धुवा. पीव्हीसीच्या पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेलीवर धुरकट थर धरतो, तोही निघत नाही. अशा 31 गेल्या. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या चार तबकड्यांवर मात्र लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीत नावाजलेले ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांचा शिक्का होता. त्या ओरखड्यांसकट ठेवल्या.

नागपुरात खरा घात कूलर करतो. कपाट त्याच्या झोतात, म्हणून कव्हरांवर आणि तबकड्यांवर बुरशी. तबकड्यांवरची निघते: तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं. लाखेच्या जुन्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीला मात्र अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते. आणि लोक तबकड्यांची आडवी थप्पी का लावतात? उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी कपाट, त्यात थप्पी; बशा होतात त्यांच्या!

अडलो ते ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वर. प्रती दोन: एक जुनी, एक नवी. जुनीच्या कव्हरवर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'पहिली बाजू चढी. मोटर बघणे.' बाबांचा कान पक्का होता. 2 मार्च 1959 च्या ध्वनिमुद्रणात मुख्य टेपयंत्र सावकाश चाललं, म्हणून जुन्या प्रतींत ती बाजू किंचित चढ्या पट्टीत वाजते. 1992 पासून दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून दुरुस्त आवृत्त्या आल्या. नवी प्रत त्यातलीच.

मग त्यांचा टर्नटेबल तपासला. चोकवाल्या ट्यूबलाइटखाली गती तपासायची 180 रेघांची स्ट्रोब तबकडी ठेवली. मिनिटाला 33⅓ फेऱ्या बरोबर होत असतील तर रेघा स्थिर दिसायला हव्यात. त्या मागे सरकत होत्या, म्हणजे गती कमी. गतीचा स्क्रू त्यांनीच पिळून कमी केलेला. ती एक बाजू सुरात आली आणि बाकीच्या सगळ्या तबकड्या उतरल्या.

स्क्रू मी परत जागेवर आणला, आणि साठात जुनी प्रत घातली. आता मुलगी ती लावेल तेव्हा पहिली बाजू बाबांच्या खोलीतल्यापेक्षा चढी वाजेल. तिला हे सांगितलं नाही. फोन करायला हवा.