उशाखालचा अडकित्ता

मला आठवा महिना लागल्याचं कळलं आणि काल संध्याकाळी शेजारच्या कक घरी आल्या. कक म्हणजे इथे मलेशियात ताई. हातात काटेरी पानांची जुडी आणि एक जुना अडकित्ता. पानं मेंगकुआंगची, आपल्या केवड्याच्याच जातीची. म्हणाल्या, "पानं खिडकीला बांध, हा उशाखाली ठेव. पेनांगालान येते." म्हणजे धडापासून सुटलेलं बाईचं मुंडकं, खाली लोंबणारी आतडी, बाळंतिणीच्या रक्तावर टपलेलं. आतडी काट्यांत अडकतात आणि अडकित्त्याला ती भिते.

मी दाभोलकरांच्या महाराष्ट्रातली. तरीही मला भरून आलं. माझ्या जन्माच्या वेळी आजीने आईच्या उशाखाली कोयती ठेवली होती. पहिलं बाळंतपण माहेरी केलं नाही म्हणून मी अजून बोलणी खाते आहे. पण तपासणारी डॉक्टर इथली, यांना रजा नाही, आणि पोटात बाळ घेऊन विमानाने जायचं म्हणजे मलाच धीर होत नव्हता. आता निदान उशाखाली लोखंड तरी आहे.

रात्री व्हिडिओ कॉलवर भावजींना सांगितलं तर ते हसले. क्वालालंपूरमध्ये राहून भुतं? त्या हसण्याने मी रात्रभर जागी राहिले. या भुतांमागे कोण बायका आहेत, हे हसणाऱ्याने एकदा बघावं. लांगसुइर म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. पोन्तियानाक कुणी तिचं मृत मूल मानतात, कुणी गरोदरपणी मेलेली बाई. सेलांगोर या इथल्याच राज्यात नोकरी केलेल्या स्कीट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०० साली यावर जाडजूड पुस्तक छापलं. अशा बाईच्या प्रेताच्या तोंडात काचेचे मणी ठेवत, तिला किंचाळता येऊ नये म्हणून. दोन्ही काखांत कोंबडीची अंडी, हात पसरून उडता येऊ नये म्हणून. तळहातांत सुया. हे वाचताना मला आमची आजी सांगायची ती अळवंतीण आठवली, बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. तिने परत येऊ नये म्हणून वाटेवर राळे टाकत जायचे. मेलेल्या बाईची इतकी धास्ती, कारण जिवंतपणी तिला वाचवता आलेलं नसायचं.

साहेबाने भूत बारकाईने टिपून ठेवलं. खेड्यातल्या बाईपर्यंत शिकलेली सुईण पोचायला मात्र फार उशीर झाला. ग्रामीण आरोग्याची योजना इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांत सुरू झाली, हे खरं. पण ती गावोगाव पसरली मलाया, म्हणजे तेव्हाचा हा देश, ३१ ऑगस्ट १९५७ला स्वतंत्र झाल्यावर. गावचे दवाखाने आले, आणि बिदान, म्हणजे जुन्या सुइणींना हिणवून बाजूला न सारता त्यांनाही शिकवून सोबत घेतलं. १९५०च्या सुमारास लाख जन्मांमागे पाचशेहून जास्त आया दगावत. १९९०पर्यंत हा आकडा पन्नासच्या आत आला. आपल्याकडे केरळलाही इतक्या लवकर हे कुठे जमलं? आपला देश केवढा मोठा, हे मीच लगेच मनाशी म्हटलं. पण हा आकडा मला विसरता येत नाही.

आणि त्याच १९५७च्या एप्रिलमध्ये सिंगापुरात पोन्तियानाक पडद्यावर आली. चित्रपटाचं नावच 'पोन्तियानाक', नायिका मारिया मेनाडो, दिग्दर्शक भारतातून गेलेले बी. एन. राव. लोकांनी थिएटर भरून टाकलं. आज त्या चित्रपटाची एकही प्रत सापडत नाही, याची मला फार हळहळ वाटते. इतकी वर्षं साहेबाच्या पुस्तकात राहिलेली ती बाई आपल्या माणसांसमोर आपल्या भाषेत बोलली होती.

आज सकाळी कक पुन्हा आल्या, पानं नीट बांधली का ते बघायला. एक गाठ त्यांनी सोडून स्वतः घट्ट केली. मग विचारलं, तुमच्याकडे तिला काय म्हणतात? रात्री तिचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून कालपासून थांबल्या होत्या. मी सांगितलं, अळवंतीण. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. 'ळ' काही त्यांना जमला नाही.